सर्व्हर सुरू होताना मध्येच अडकतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न अपरात्री आलेले आहेत, मोबाइलवर काढलेल्या स्क्रीनच्या तिरक्या फोटोसकट. उत्तरं लिनक्स सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. विंडोजवाल्यांनी थेट प्रश्न १९ वर जावं. कमांड आणि पॅरामीटर इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे. तुम्ही आत्ता अडकलेल्या मशीनसमोरच बसला असाल तर आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा, बाकीचं नंतर.

१. सर्व्हर खरंच हँग झालाय की नुसता वेळ घेतोय, हे कसं ओळखायचं?

घड्याळ लावून. बाळबोध वाटेल, पण मालक मागे उभा असला की दीड मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात आणि माणूस पॉवर बटणाकडे हात नेतो. भरपूर रॅम असलेला सर्व्हर नुसत्या सुरुवातीच्या तपासणीतच काही मिनिटं घालवतो. रॅमची पट्टी बदलली किंवा वाढवली असेल तर पहिल्या वेळी तो मेमरी नव्याने जुळवून घेतो आणि आणखी वेळ लावतो.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू झाल्यानंतरचा टप्पा असेल तर कॅप्सलॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे कर्नल जिवंत आहे, वरचं काहीतरी कशाची तरी वाट बघतंय. दुसऱ्या मशीनवरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का ते बघा. पिंगला उत्तर येतं पण एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही, तर नेटवर्कपर्यंत गाडी आलेली आहे आणि अडचण सर्व्हिसेसच्या, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, पातळीवर आहे. डिस्कचा दिवा सतत चमकत असेल तर प्रश्न १२ वाचल्याशिवाय काहीही करू नका.

२. बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत नेमकं काय काय होतं?

आधी फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा युईएफआय, हार्डवेअर तपासतं. मग ते बूटलोडरला हाक मारतं, बहुतेक ठिकाणी ग्रबला. ग्रब कर्नल आणि इनिट्रॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम मेमरीत चढवतो. या तात्पुरत्या घरात राहून कर्नल खरी रूट डिस्क, म्हणजे सिस्टिमच्या फाइली असलेली मुख्य डिस्क, शोधतो आणि जोडतो. शेवटी सिस्टिमडी सूत्रं हाती घेतो, बाकीच्या डिस्क, नेटवर्क आणि सर्व्हिसेस उठवतो. गाडी यातल्या कुठल्या स्टेशनावर थांबली ते कळलं की शोध पुष्कळ सोपा होतो. फर्मवेअरसाठी प्रश्न ५, ग्रबसाठी ६, कर्नल आणि इनिट्रॅमएफएससाठी ७ ते ९, सिस्टिमडीसाठी १० पासून पुढे.

३. स्क्रीनवर जी शेवटची ओळ दिसते, तिथेच बिघाड आहे ना?

बहुधा नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गोंधळाचं मूळ हा समज आहे. हिरव्या 'ओके'ची शेवटची ओळ म्हणजे जे काम *पूर्ण* झालं त्याची नोंद. गुन्हेगार तो, ज्याने काम सुरू केलं आणि संपवलं नाही. शिवाय सिस्टिमडी अनेक कामं एकाच वेळी सुरू करतो, त्यामुळे ओळींचा क्रम हा कारणांचा क्रम नसतो. एकदा 'शेवटी ब्लूटूथ दिसतंय' म्हणून एकाने ब्लूटूथची सर्व्हिस काढून टाकली. पुढच्या वेळी शेवटची ओळ क्रॉनची आली. तीही काढायच्या बेतात होता.

म्हणून 'कुठे थांबला' यापेक्षा 'कोण कोणाची वाट बघतंय आणि किती वेळ बघणार आहे' हे विचारा. सुरू होताना येणारा अडथळा बहुतेक वेळा वाट बघणंच असतो: डिस्कची, नेटवर्कची, पासवर्डची, नाहीतर दुसऱ्या सर्व्हिसची. आणि बऱ्याच वाटांना ठरलेली मुदत असते. ६०, ९०, १२० सेकंद असे गोल आकडे दिसले की तो योगायोग नाही, ती कोणाची तरी मुदत आहे.

ओळी दिसतच नसतील तर ग्रबच्या मेन्यूत ओळीवर उभं राहून 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द खोडा, आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून बिनधास्त करा.

४. पॉवर बटण दाबून धरलं तर काय बिघडेल?

ग्रबच्या आधी अडकला असेल तर सहसा काही नाही, एक अपवाद सोडून: फर्मवेअर अपडेट चालू असेल तर हात लावू नका. डिस्क जोडल्यानंतर मात्र तो शेवटचा उपाय आहे. एफएसचेक (फाइलसिस्टिमची तपासणी, टाइप करताना fsck), डेटाबेसची रिकव्हरी किंवा एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबलिंग चालू असताना वीज तोडली की ते काम पुन्हा पहिल्यापासून, वर नवीन नुकसान.

त्याआधी मॅजिक सिसआरक्यू वापरून पाहा: ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एकेक करत एस, यू, बी. एस मेमरीतलं डिस्कवर उतरवतो, यू फाइलसिस्टिम फक्त-वाचनाच्या अवस्थेत नेतो, बी रीबूट करतो. लिनक्सच्या वितरणानुसार (उबंटू, रेड हॅट वगैरे) यातल्या काही कळा बंद असतात; त्या उघड्या ठेवायच्या तर कर्नलच्या ओळीत (प्रश्न ३ मधली 'लिनक्स'ने सुरू होणारी) 'सिसआरक्यू_ऑलवेज_एनेबल्ड=१' लिहावं लागतं. आणि बटण दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. रीबूटनंतर तो पुरावा गेला.

५. स्क्रीन पूर्ण काळी आहे, किंवा उत्पादकाच्या लोगोवरच थांबली आहे. ग्रबसुद्धा येत नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देऊ नका, ती अजून झोपेतच आहे. सर्व्हरमध्ये व्यवस्थापनासाठी वेगळी छोटी चिप असते, बीएमसी. डेलच्या मशीनवर तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवर आयएलओ. तिच्या वेबपानावर इव्हेंट लॉग असतो. रॅमची कुठली पट्टी, कुठला पॉवर सप्लाय, कुठला पंखा, हे बऱ्याचदा तिथे सरळ लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या मशीनवरून 'आयपीएमआयटूल सेल लिस्ट' या कमांडनेही तो वाचता येतो.

नेहमीचे संशयित असे. मागच्या बाजूला विसरलेला पेनड्राइव्ह, ज्यावरून मशीन बूट व्हायला बघतंय. बूटच्या क्रमात नेटवर्क वर सरकलेलं, त्यामुळे प्रत्येक पोर्टवर पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करू देणारा) सर्व्हर शोधत बसणं. आणि माझा आवडता: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली, सेटिंग पुसली गेलेली, आणि स्क्रीनवर 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा'. त्या सर्व्हरला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. कोणी एफ१ दाबेल म्हणून तो बिचारा शनिवार-रविवार ताटकळत होता.

यातलं काही नसेल तर नवीन लावलेलं कार्ड, डिस्क, रॅम एकेक करून काढा. एका वेळी एकच.

६. ग्रबच्या मेन्यूवर थांबतो, किंवा नुसता 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट येतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेन्यू दिसतोय आणि उलटी मोजणी चालू नाही, असं उबंटूवर आधीचं बूट अपयशी ठरल्यावर होऊ शकतं. ग्रब तशी खूण ठेवतो आणि पुढच्या वेळी माणसाने निवड करावी म्हणून थांबतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये हे थांबणं अमर्याद होतं, नंतर ते ३० सेकंदांवर आलं. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये 'ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट'ला आकडा द्या आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. मॉनिटर नसलेल्या मशीनवर हे आधीच करून ठेवावं.

'ग्रब रेस्क्यू' म्हणजे ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. डिस्कचा क्रम बदलला, पार्टिशन हलवलं, किंवा बूट पार्टिशन खराब झालं. लाइव्ह यूएसबीने मशीन उठवून ग्रब नव्याने बसवणं हा सरळ मार्ग. नुसता 'ग्रब' प्रॉम्प्ट आला तर परिस्थिती बरी आहे: ग्रब ठीक आहे, त्याला फक्त मेन्यूची फाइल सापडलेली नाही.

७. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' असं दिसतं आणि पुढे काहीच नाही. आधी पिंग करून पाहू का?

हो, आधी तेच करा. कारण अनेकदा मशीन व्यवस्थित चालू असतं, फक्त तुम्ही चुकीच्या खिडकीत बघत असता. कर्नलच्या ओळीत दोन कन्सोल दिलेले असतील, एक पडद्याचा 'टीटीवाय०' आणि एक सिरीयल पोर्टचा 'टीटीवायएस०', तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात. पण सिस्टिमडीचे संदेश आणि इमर्जन्सी शेल (अडचणीच्या वेळी कमांड द्यायचा प्रॉम्प्ट) फक्त *शेवटी* लिहिलेल्या कन्सोलवर येतात. पडद्यावर काही ओळी येऊन सगळं थिजल्यासारखं दिसतं आणि पासवर्ड मात्र सिरीयल पोर्टवर मागितला जात असतो.

पिंगही लागत नसेल तर कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' घालून पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे पडदा गेला असेल तर तो परत येतो. तरीही नाही, तर 'इग्नोर_लॉगलेव्हल' आणि 'इनिटकॉल_डीबग' घाला. दुसऱ्याने कर्नल कुठल्या ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या कामात शिरला आणि बाहेर आला नाही ते दिसतं. आणि हे सगळं कर्नल अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर डोकं फोडू नका, ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मेन्यूतून आधीचा कर्नल उठवा. काम सुरू होऊ दे, कारण सकाळी शोधता येईल.

८. 'इनिट्रॅमएफएस' किंवा 'ड्रॅकट' असा प्रॉम्प्ट आला आहे. डिस्क गेली का?

लगेच घाबरू नका. रूट डिस्क *सापडली* नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. त्याच प्रॉम्प्टवर 'बीएलकेआयडी' चालवा. डिस्क दिसत असेल आणि तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कर्नलच्या ओळीतल्या यूयूआयडीशी जुळत नसेल, तर दुरुस्ती ग्रबच्या ओळीची. दिसतच नसेल तर दोन शक्यता: खरोखर केबल, कंट्रोलर किंवा डिस्कची अडचण, किंवा त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये नाही.

दुसरी शक्यता मशीन हलवल्यावर हमखास भेटते. एका हायपरव्हायजरवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्रणेवरून) दुसऱ्यावर नेलेलं व्हर्च्युअल मशीन, किंवा रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) बदललेला सर्व्हर. रेड हॅट घराण्यात इनिट्रॅमएफएस त्या त्या मशीनपुरतीच बनवलेली असते, आजच्या घराच्या किल्ल्या तेवढ्या त्यात असतात. तिथे ग्रबच्या मेन्यूत 'रेस्क्यू' नावाची नोंद असेल तर तिने उठवा, सगळे ड्रायव्हर असतात तिच्यात. मग 'ड्रॅकट -एफ', आणि डेबियन-उबंटूवर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू'.

डिस्क हळू जागी होणारी असेल तर कर्नलच्या ओळीत 'रूटडिले=३०' लिहून फरक पडतो का ते बघा.

९. कर्नल पॅनिक: 'अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'.

कंसातली दोन शून्यं महत्त्वाची आहेत. बहुतेक वेळा याचा अर्थ इनिट्रॅमएफएस चढलीच नाही. आणि ती का नाही, याचं सर्वांत सामान्य कारण फार साधं आहे: बूट पार्टिशन भरलं होतं, कर्नल अपडेट झाला, इनिट्रॅमएफएस अर्धवट लिहिली गेली किंवा लिहिलीच गेली नाही. जुन्या कर्नलने उठा, नको असलेले कर्नल पॅकेज मॅनेजरमार्फत काढा (फाइली हाताने पुसू नका) आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा. शून्यांच्या जागी दुसरे आकडे असतील तर डिस्क दिसली आहे, फाइलसिस्टिम वाचता येत नाही.

१०. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग…' असं लिहून पुढे सेकंद मोजले जातात. दीड मिनिटानंतर इमर्जन्सी मोड.

हा आमच्याकडचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर दहातल्या आठ वेळा एफएसटॅब या फाइलमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) असतं, असा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

एक प्रसंग सांगतो. एका ठिकाणचा सर्व्हर कित्येक महिने बंद झाला नव्हता. वीज गेली, आली, सर्व्हर काही वर येईना. मी फोनवर, तिथे हिशेब बघणाऱ्या बाई स्क्रीनसमोर. म्हणाल्या, "एक लाल चांदणी डावीकडून उजवीकडे पळतेय, आणि मग परत येतेय." पुढे काय लिहिलंय? त्यांनी एकेक अक्षर वाचलं: डिस्क, बाय, यूयूआयडी. आणि शेवटी '१ मिनिट ३० सेकंद'. मी विचारलं, सर्व्हरला बाहेरून काही जोडलेलं होतं का? "बॅकअपची डिस्क होती ना, ती मार्चमध्येच काढून कपाटात ठेवली." डिस्क कपाटात गेली, एफएसटॅबमधली तिची ओळ मात्र तिथेच राहिली. सिस्टिमडीने इमाने इतबारे ९० सेकंद वाट बघितली आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला.

९० सेकंद ही सिस्टिमडीची मूळ मुदत. एफएसटॅबमधली डिस्क तेवढ्यात आली नाही तर तो ती गोष्ट गंभीर मानतो, कारण ती डिस्क अत्यावश्यक की किरकोळ हे त्याला तुम्ही सांगितलेलं नसतं. ते सांगायची पद्धत अशी: ओळीच्या पर्यायांमध्ये 'नोफेल' लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी बूट पुढे जाईल. 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' लिहिलं की वाट दहा सेकंदांवर येते. नेटवर्कवरच्या डिस्कला 'अंडरस्कोर नेटडेव्ह' लावा. एनएफएसला (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने मिळणाऱ्या फोल्डरला) त्याच्या जोडीला 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' दिलं तर ती गरज लागेल तेव्हाच जोडली जाते. आणि 'एसडीबी१' सारखी नावं वापरू नका, पुढच्या बूटला तीच डिस्क 'एसडीसी' होऊ शकते.

आत्ताची सुटका: इमर्जन्सी मोडमध्ये रूट (प्रशासक) खात्याचा पासवर्ड देऊन आत शिरा, 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू' रूटवर चालवा, एफएसटॅबमधल्या त्या ओळीआधी हॅश टाका, रीबूट करा. पासवर्डच नसेल तर पुढचा प्रश्न.

सेकंदांच्या जागी 'नो लिमिट' दिसत असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे बहुधा आरसी.लोकल, म्हणजे बूटच्या वेळी चालणारी आपली स्क्रिप्ट, असतं: कोणीतरी त्यात न संपणारी कमांड लिहून ठेवलेली असते, शेवटी अँपरसँड द्यायला विसरून. त्या फाइलला मुदत नसते, आणि लॉगिनचा प्रॉम्प्ट तिच्यानंतरच येतो.

११. इमर्जन्सी मोड रूट पासवर्ड मागतो, नाहीतर 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणतो.

उबंटूवर रूट खातं मुळात बंदच असतं, त्यामुळे हा दरवाजा उघडतच नाही. ग्रबमध्ये प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे ओळ बदला आणि शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा. थेट शेल मिळेल. रूट रीमाउंट करा, दुरुस्ती करा, 'सिंक' द्या आणि 'रीबूट -एफ'. साधं 'रीबूट' इथे चालत नाही, कारण ऐकायला सिस्टिमडी हजर नाही.

रेड हॅट घराण्यात 'आरडी.ब्रेक' वापरतात, तिथे खरी रूट 'सिसरूट' खाली असते, ती लिहिण्याजोगी रीमाउंट करून तिच्यात 'सीएचरूट' करावं लागतं. पासवर्ड बदललात तर रूटमध्ये '.ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल ठेवा, नाहीतर एसईलिनक्स नव्या पासवर्डाने आत येऊ देणार नाही. पुढचं बूट मग खूप वेळ घेईल. ते हँग नाही, सगळ्या फाइलींवर लेबलं लागत आहेत.

१२. 'एफएसचेक' तासभर चालू आहे. थांबवू का?

नको. मोठी एक्स्ट४ डिस्क, वर लाखो फाइली, तर वेळ लागणारच. डिस्कचा दिवा चमकतोय ना, मग चहा घ्या. घाई असेलच आणि डिस्कवर तुमचा विश्वास असेल, तर *पुढच्या* बूटला 'एफएसचेक.मोड=स्किप' देता येतं, पण ते जबाबदारी पुढे ढकलणं झालं. एक्सएफएस या दुसऱ्या प्रकारच्या फाइलसिस्टिमवर मात्र बूटच्या वेळी असा चेक होतच नाही, तिथे लॉग पुन्हा लागू केला जातो. अडचण असेल तर 'एक्सएफएस_रिपेअर' हाताने चालवावा लागतो.

१३. नेटवर्कच्या ओळीवर दोन मिनिटं थांबतो आणि मग सुरळीत सुरू होतो. चालेल ना?

चालतं, पण टाळता येतं. नेटवर्कडीची (सिस्टिमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) 'वेट-ऑनलाइन' सर्व्हिस १२० सेकंद वाट बघते. दोन नेटवर्क पोर्ट, केबल एकालाच, असं असलं की दुसऱ्या पोर्टची प्रतीक्षा. उबंटूवर नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहा. सगळी 'वेट-ऑनलाइन' बंद करायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल. एनएफएस किंवा नेटवर्कवरचा डेटाबेस वापरत असाल तर तो पाळू नका.

याचाच खोडकर भाऊ म्हणजे एलडीएपी, वापरकर्त्यांची नेटवर्कवरची मध्यवर्ती यादी. वापरकर्त्यांची नावं एलडीएपीवरून येतात, नेटवर्क अजून उठलेलं नाही, आणि एखादी सुरुवातीची सर्व्हिस 'हा वापरकर्ता कोण' म्हणून विचारते. नेटवर्क सर्व्हिसची वाट बघतंय, सर्व्हिस नेटवर्कची. सिस्टिमच्या सर्व्हिसेसचे वापरकर्ते नेहमी स्थानिक फाइलमध्येच ठेवा.

१४. अडकलेला असतानाच आत डोकावून बघता येतं का?

येतं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. कर्नलच्या ओळीत 'सिस्टिमडी.डीबग-शेल=१' लिहा. बूट चालू असतानाच कंट्रोल-ऑल्ट-एफ९ वर रूटचा शेल मिळतो, पासवर्डाशिवाय. तिथे 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्ज' द्या. ज्याच्यासमोर 'रनिंग' आहे तो तुमचा माणूस. 'वेटिंग' वाले नुसते रांगेत उभे आहेत. त्या यूनिटचं (सिस्टिमडीच्या भाषेत सर्व्हिस, डिस्क वगैरे) 'स्टेटस' बघा, त्याची प्रोसेस नेमकं काय करतेय ते बघा. पॅरामीटर ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये लिहिला असेल तर काम झालं की तो काढायला विसरू नका, नाहीतर पासवर्डाशिवायचा रूट शेल कायमचा उघडा राहील.

बूट पूर्ण झाल्यावर, नुसता उशीर मोजायचा असेल तर 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन'. 'ब्लेम' जास्त प्रसिद्ध आहे पण फसवं आहे: समांतर चाललेली सर्व्हिस ४० सेकंद घेते म्हणून बूट ४० सेकंद लांबलं असं होत नाही.

१५. रीबूट केल्यावर आधीच्या बूटचे लॉग मिळत नाहीत.

'जर्नलसीटीएल -बी -१' काही देत नाही, कारण जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) फक्त मेमरीत लिहिला जातोय. व्हार-लॉग खाली 'जर्नल' नावाचा फोल्डर बनवा आणि जर्नलडी रीस्टार्ट करा, की तो डिस्कवर लिहू लागतो. मात्र रूट डिस्क जोडण्याआधीच अडकलेल्या बूटचा माग यात कधीच मिळणार नाही. त्यासाठी सिरीयल कन्सोल हवा, बीएमसीतून तो दूरूनही बघता येतो.

१६. मशीन उठतं, पण आमची एक सर्व्हिस 'अ‍ॅक्टिव्हेटिंग' मध्येच राहते, ९० सेकंदांनी मरते आणि पुन्हा सुरू होते.

यूनिट फाइलमधला 'टाइप' बघा. 'फोर्किंग' लिहिलंय आणि प्रोग्रॅम पुढ्यातच चालतोय, तर मूळ प्रोसेस बाजूला होईल म्हणून सिस्टिमडी थांबून राहतो. 'नोटिफाय' लिहिलंय आणि प्रोग्रॅम 'मी तयार आहे' असं कधी कळवतच नाही, तरी तेच. प्रोग्रॅम धडधाकट असतो, फक्त दोघांची भाषा जुळत नाही.

डेटाबेसचं प्रकरण वेगळं आणि जास्त धोक्याचं. वीज गेल्यावर पोस्टग्रेस किंवा इनोडीबी आधी रिकव्हरी करतो, तिला बराच वेळ लागू शकतो. मुदत कमी असेल तर सिस्टिमडी त्याला मध्येच मारतो, पुन्हा सुरू करतो, रिकव्हरी पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून. हे चक्र रात्रभर चालू शकतं. यूनिटला 'टाइमआउटस्टार्टसेक=इन्फिनिटी' द्या आणि डेटाबेसचा स्वतःचा लॉग बघत बसा; आकडे पुढे सरकत असतील तर हात लावू नका.

आणखी एक गाठ: सुरुवातीच्या सर्व्हिसच्या स्क्रिप्टमध्ये 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' लिहिणं, तेही अशा सर्व्हिससाठी जी हिच्यानंतर यायची आहे. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. तिथे 'नो-ब्लॉक' हा पर्याय तरी द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे यूनिटमध्ये क्रम नीट लिहा. लक्षात घ्या, 'रिक्वायर्स'ने फक्त गरज सांगितली जाते, क्रम नाही. क्रमासाठी 'आफ्टर' वेगळं लिहावं लागतं.

१७. व्हर्च्युअल मशीनवर टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागतात. सीपीयू तर रिकामा दिसतो.

रिकामा सीपीयू हीच खूण: काम नाही, वाट बघणं चालू आहे. जुन्या कर्नलवर हे बऱ्याचदा यादृच्छिक आकड्यांच्या साठ्यामुळे होतं. नव्याने उठलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ना माऊस हलतो ना कळा दाबल्या जातात, त्यामुळे साठा भरत नाही आणि जावाचा 'सिक्युअररँडम' ताटकळतो. टॉमकॅटच्या लॉगमध्ये त्याला किती मिलिसेकंद लागले याची ओळच येते. व्हर्टआयओ-आरएनजी हे यादृच्छिक आकडे पुरवणारं उपकरण मशीनला जोडा. २०१९ मध्ये आलेल्या ५.४ कर्नलपासून कर्नल स्वतःच हा साठा निर्माण करतो. लॉगमध्ये ती ओळ नसेल तर 'जेस्टॅक'ने थ्रेड डंप घ्या. मुख्य थ्रेड डेटाबेसच्या जोडणीत किंवा डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधायच्या) चौकशीत अडकलेला दिसण्याची शक्यता मोठी.

१८. पाचातून एकदाच अडकतो, चारदा नीट सुरू होतो. काय समजायचं?

हे सगळ्यांत वैताग आणणारं. आधी हार्डवेअर संशयित धरा: कर्नलच्या लॉगमध्ये 'एटीए' च्या रीसेटच्या ओळी, 'आय/ओ एरर', किंवा 'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' दिसतात का? मरणासन्न डिस्क एकेका वाचनाला खूप वेळ लावते आणि सगळं बूट तिच्यामागे रखडतं. डिस्कची तब्येत सांगणारा 'स्मार्टसीटीएल' चालवा, केबल बदला. हार्डवेअर स्वच्छ निघालं तर क्रमाची शर्यत आहे: दोन सर्व्हिसेसपैकी कोण आधी उठेल हे नशिबावर सोडलेलं, म्हणजे प्रश्न १६ मधलं 'आफ्टर' राहून गेलेलं.

एन्क्रिप्टेड डिस्कचाही इथे उल्लेख करतो. 'कधी कधी अडकतो' अशी तक्रार होती. प्रत्यक्षात लुक्सचा (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचा) पासफ्रेज मागितला जात होता आणि बूटच्या वेळच्या चित्राने तो झाकला होता. एस्केप दाबल्यावर दिसला. ज्या दिवशी कोणी कीबोर्डजवळ असे त्या दिवशी सवयीने टाइप करे.

१९. विंडोज सर्व्हरसाठी काय?

थोडक्यात सांगतो. अपडेटचा टक्का दिसत असेल तर थांबा, तास झाला तरी. 'अप्लाइंग कॉम्प्युटर सेटिंग्ज'वर रोज रखडत असेल तर आधी डीएनएस बघा. डोमेनमधल्या मशीनला डोमेन कंट्रोलरऐवजी (संस्थेची खाती सांभाळणारा सर्व्हर) बाहेरचा डीएनएस दिलेला सापडतो. त्यापलीकडे रिकव्हरी वातावरणातून सेफ मोड. सेफ मोडमध्ये उठतं म्हणजे एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस दोषी. बूट लॉगिंग चालू केलं तर ड्रायव्हरांची यादी फाइलमध्ये मिळते.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटचा, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीनवर परिणाम झाला. अनेक मशीन वारंवार कोसळत राहिली. उपाय एक फाइल पुसण्याचा होता. पण सेफ मोडमध्ये शिरायला बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लागत होती, आणि काहींची ती की अशाच सर्व्हरवर ठेवलेली होती जो स्वतः उठत नव्हता. तुमची की कुठे आहे ते आजच बघा.

२०. क्लाउडवरचा सर्व्हर आहे. ना स्क्रीन, ना बटण.

आधी पुरवठादाराच्या पानावर कन्सोलचा लॉग किंवा स्क्रीनशॉट मागा. तिथे दिसणाऱ्या ओळी वरच्या प्रश्नांमधल्याच असतात. दुरुस्तीसाठी मशीन बंद करा, रूट डिस्क सोडवा, दुसऱ्या चालू मशीनला जोडा, फाइल सुधारा, परत लावा. इथे एक खाच आहे: दोन्ही मशीन एकाच इमेजवरून बनलेली असतील तर एक्सएफएसचा यूयूआयडी सारखाच असतो आणि माउंट नकार देतो. 'माउंट -ओ नोयूयूआयडी' द्या.

मशीनचा प्रकार बदलल्यानंतरच हे झालं असेल तर डिस्कची नावं बदललेली असणार. अ‍ॅमेझॉनच्या नव्या प्रकारांवर 'एक्सव्हीडीएफ' ची 'एनव्हीएमई१एन१' होते, आणि एफएसटॅबमध्ये जुनं नाव असेल तर पुन्हा प्रश्न १०.

२१. उद्या रात्री रीस्टार्ट करायचा आहे. आधी काय तपासून ठेवू?

'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' एफएसटॅबमधल्या चुका दाखवतो, मशीन चालू असतानाच. बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का, प्रत्येक कर्नलची इनिट्रॅमएफएस साधारण सारख्याच आकाराची आहे का, 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' रिकामं आहे का. आणि बीएमसीत आत्ता लॉगिन करून पाहा, उद्या रात्री नव्हे. तो पासवर्ड कोणालाच आठवत नाही असं निघतं. सर्व्हर महिनोन्‌महिने बंद झाला नसेल तर काहीही न बदलता आधी एकदा रीस्टार्ट करा आणि मगच अपडेट घाला. नाहीतर दोष आजच्या अपडेटचा की सहा महिन्यांपूर्वीच्या कोणाच्या तरी बदलाचा, हे शोधत बसाल.

२२. मदत मागताना काय काय पाठवू?

किती वेळ अडकला, शेवटचं नीट बूट कधी झालं, तेव्हापासून काय बदललं ('काहीच नाही' असं लिहिण्याआधी सोबतच्यांनाही विचारा), वितरण आणि कर्नलची आवृत्ती, आणि 'क्वाएट' काढून घेतलेला स्क्रीनचा फोटो. सरळ उभं राहून काढलेला, फ्लॅश बंद करून.